गुरुवारचे बोंबील

बोलणाऱ्याला थांबवायचं असलं की ती तर्जनी वर करायची आणि म्हणायची, “एक मिनिट. आता दुसरी बाजू.” समोर तिची आई असो नाहीतर मी. तुमच्याही ओळखीत अशी एखादी मुलगी असेल, वकील होण्याआधीच वकिली सुरू केलेली.

मस्कतला, दार्सैतमधल्या आमच्या फ्लॅटची एक खोली आम्ही वसईच्या मायलेकींना दिली होती. मुलीचे वडील दोन तासांवरच्या रुस्ताकला एका ठेकेदाराकडे कामाला. मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून त्यांनी दोघींना इकडे ठेवलं आणि स्वतः तिकडे एकटे राहिले. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. गुरुवारी त्यांची पिकअप खाली लागायची.

मुलगी अकरावीत नव्या शाळेत आली. तिला भारतात जाऊन कायदा शिकायचा होता. मुलाखतीत अभ्यासाबाहेर काय केलं ते विचारतात, असं कुणीतरी सांगितलं आणि तिच्या जिवाला घोर लागला. वादविवादाच्या संघात सहावीपासूनची मुलं ठाण मांडून बसलेली. बाकी सगळं शाळा सुटल्यावर. त्यासाठी थांबलं तर बस जायची, आणि एकटीने टॅक्सीत बसायचं नाही हा वडिलांचा नियम. चर्चची व्हॅन दारात येते एवढ्यासाठी ती तिथल्या गाणाऱ्यांत गेली. गळा बेताचाच. मी रांगोळीचा वर्ग सुचवला, तर म्हणाली, “ह्यात वकिलाचं काय, आंटी?” मग खिडकीशी उभी राहून खालचं पार्किंग बघत राहायची. मला ते बघवत नसे.

वादविवाद तिला मिळाला तो आमच्या स्वयंपाकघरात. माझा गुरुवारचा उपवास, आणि नेमके गुरुवारीच तिची आई नवऱ्यासाठी बोंबील तळायची. एकदा आमची चांगलीच जुंपली. मुलीने बोट वर केलं आणि भलताच हुकूम सोडला: मी बोंबलांची बाजू मांडायची, तिच्या आईने उपवासाची. आठवडाभर हाताने भात शिजवणाऱ्या माणसाबद्दल बोलताना माझाच आवाज ओला झाला. माझा उपवास सुटल्यावरच तवा चढवायचा आणि मग मी नाक मुरडायचं नाही, असा निकाल लागला. आम्ही तो पाळला.

बारावीत वादविवादाच्या संघातली एक मुलगी कायमची भारतात परतली आणि बाईंनी हिला बोलावलं. सरावानंतर तिला घरी आणायला आमचे हे तयार होते. वडिलांची परवानगी तेवढी हवी होती.

गुरुवारी ते आले, जेवले आणि नाही म्हणाले. गाडीचा प्रश्नच नव्हता. बारावी झाली की बिऱ्हाड रुस्ताकला हलवायचं, पोरीने घरी बसून पदवी करायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मुलगी खाली मान घालून ताटं उचलत राहिली.

मला संताप आला. शनिवारी तिला गाठून म्हटलं, “माझ्याशी भांडतेस तशी त्यांच्याशी भांड की.”

तिचं बोट वर गेलं. “एक मिनिट, आंटी. डॅडींचा पण पॉइंट आहे ना. मी इंडियाला गेले की मम्मी माझ्यासोबत येणार. मग ते कायम एकटे. आमच्यासाठीच तिकडे राहिले ना ते?”

वकिलाचा गुण म्हणतात तो हाच असेल, तर त्यानेच तिला कोंडून घातलं होतं.

“आणि तुझी बाजू?”

तिचं बोट तसंच वर. मग म्हणाली, “ती कोणी दुसऱ्याने मांडायची असते ना, आंटी?”

मी मांडली. पुढच्या गुरुवारी तिच्या वडिलांसमोर, मला जमेल तशी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तेच उत्तर दिलं.

परीक्षा झाली तसं सामान पिकअपमध्ये चढलं. ती आईवडिलांच्या मध्ये बसली, त्यामुळे खिडकीतून तिला हात हलवता आला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी दिवा लावून मी उपवास सोडला आणि सवयीने हाक मारली, “झालं गं माझं, चढवा तवा.”

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.