पुंगळी पुढे पडावी म्हणून

आमच्या समोरच्या दारातल्या गृहस्थांना सगळी इमारत बंदूककाका म्हणते. नेमबाजी क्लबातल्या रायफली उघडता-पुसता त्यांचे केस पिकले. बायको गेली, मुलगी दुसऱ्या शहरात. घरात बोलायला फक्त भिंती. म्हणून संध्याकाळी चहाचा कप घेऊन आमच्या ओट्याशी उभे राहतात आणि मी भाजी चिरत असताना मला रायफली समजावतात.

"वहिनी, तिघी सख्ख्या बहिणी. चाप ओढला की एक गोळी सुटते, पुढची आपोआप चढते. थोरली लाकडी दस्त्याची, जड पण शांत. मधलीचा दस्ता घडीचा. न्यायला सोयीची, पण गाल टेकवला की खुळखुळते. धाकटी आखूड, आवाज सगळ्यांत मोठा."

"धाकट्यांचा असतोच," मी म्हटलं. "तुमच्या हातात असतं तर काय बदललं असतं?"

त्यांनी माझ्या डाव्या हातातल्या सुरीकडे पाहिलं.

"पुंगळी. गोळी सुटून रिकामी झाली की उजवीकडे उडते. डावखुऱ्याचं तोंड नेमकं तिथेच असतं."

त्यांची मुलगी डावखुरी. शाळेत असताना तापलेली पुंगळी तिच्या कॉलरमध्ये शिरली, मान भाजली. "बाबा, इथे काहीतरी आडवं लावा ना," ती म्हणाली होती. काका म्हणाले, "रायफल बदलत नसते. तू हात बदल." तिने बदलला. नेम गेला, मग क्लब सुटला, मग हळूहळू बोलणंही.

तेव्हापासून रायफल बनवणारं कुणीही क्लबात आलं की काका त्याच्यापुढे हेच गाऱ्हाणं मांडत. यंदा नवी चौथी रायफल चाचणीला आली. पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीमागे धातूचा छोटासा उंचवटा. पुंगळी त्यावर आपटून पुढे जाते. काकांनी मुलीला फोन केला : रविवारी ये, पहिली गोळी तूच झाड. ती म्हणाली, "बघते."

त्या 'बघते'वर काकांनी घर झाडलं, तिच्या खोलीतली चादर बदलली.

रविवारी ते क्लबाच्या फाटकाशी उभे राहिले. दुपार कलली तसा मला फोन आला. "वहिनी, जरा याल? डावा हात हवाय."

जन्मात बंदूक धरली नव्हती. काकांनी कानांवर संरक्षक चढवले, दस्ता माझ्या डाव्या खांद्यात नीट बसवला. मी चाप ओढला. खांद्याला दणका बसला. पुंगळी पुढे, पार लांब पडली.

"लागली?"

"नाही हो."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

त्यांनी तिथूनच फोन लावला. "बाळ, पुंगळी पुढे पडते गं आता!" पलीकडचं मला अर्धवट ऐकू आलं, "बरं झालं, बाबा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." मग कामात असल्याचं काहीतरी, आणि फोन बंद.

"हो, हो, कर तू काम," काका बंद फोनला म्हणाले.

परतताना वाटभर ते दस्त्याबद्दलच बोलत होते. अजून थोडा लांब हवा. तिचे हात लांब आहेत.