जेवणाआधी दाराशी

जेवायला बसण्याआधी बाबा एकदा दाराबाहेर जायचे. चिक्कडपल्लीतल्या आमच्या गल्लीत दोन्हीकडे नजर टाकायचे, कुणी उपाशी तर नाही ना, म्हणून. नैवेद्य झाला की अतिथीची वाट पाहायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. आणि अतिथी सापडलाच, तर त्याच्याआधी आपण घास घ्यायचा नाही. बाबा वकील होते, कोर्टात पुराव्याशिवाय बोलायचे नाहीत. पण या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आई वैतागायची. "आज कुणाला पकडून आणताय?" म्हणायची, आणि भात मात्र एका माणसाचा जास्तच लावायची.

एकदा नामपल्ली स्टेशनवरून पत्ता चुकत आलेले एक गृहस्थ पंगतीला होते. पाटावर बसल्यावर त्यांनी सांगून टाकलं, की आपण देवबिव मानत नाही. मी घाबरून बाबांकडे पाहिलं. "नसाल मानत," बाबा म्हणाले, "भूक तर लागलीय ना?" आणि त्यांच्या वरणावर आणखी तूप वाढलं.

पुढे माझाही देवावरचा विश्वास गेला. भांडण वगैरे काही झालं नाही, आपोआपच गेला. मुलगी म्हणते, "चांगलं वागायला रिलिजन कशाला लागतो, मम्मी?" तिचं बरोबरच आहे. पण बाबांना रोज दाराशी नेणारं काहीतरी होतं, आणि ते माझ्याकडे नाही, याची मला चुटपुट लागते.

बाबांची आठवण नेमकी जेवायच्या वेळी येते. मग मीही दार उघडते. चौथा मजला, समोर लिफ्ट, खाली गेटवर वॉचमन. उपाशी माणूस इथवर पोचणार कसा? तरी उघडते.

गेल्या रविवारी उघडलं तर समोर डिलिव्हरीवाला. दाढी पिकलेली, शर्ट घामाने भिजलेला, हातात बिर्याणीची पिशवी. शेजाऱ्यांचं दार शोधत होता. मी दाखवलं. पिशवी देऊन तो परत निघाला, तेव्हा मला राहवेना.

"खाना खाए क्या भाई?"

तो हसला. "नक्को अम्मा, रोजा है."

भर उन्हात दुसऱ्यांची जेवणं पोचवत हा माणूस उपाशी हिंडत होता. मला एकदम भरून आलं.

"तो शाम को आओ. रोजा इधरिच खोलो."

"मगरिब की नमाज के टैम इधर रहे तो आतूँ, अम्मा," म्हणत तो लिफ्टमध्ये शिरला.

मी आत येऊन माझं ताट झाकून ठेवलं.

"मम्मी, ते कशाला येतायत?" मुलगी म्हणाली. "तू जेवून घे."

नसतीलही येणार. मी डब्यातले खजूर काढून धुवायला घेतले. भूक लागली होती, आणि फार बरं वाटत होतं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला जेवायला कुणाची तरी वाट पाहायची होती.