माझा आखूड किलोमीटर

गोव्यातल्या पेडण्याच्या पायलट स्टँडवर मोटारसायकली लावून, गिऱ्हाइकाची वाट बघत आम्ही पाच-सहा जण दिवस काढतो. तोंडं रिकामी, म्हणून किस्से साठतात. निम्मे वासूचे! हसत सांगतो मी ते, पण एक किस्सा नेहमी गाळतो. खोटं कशाला बोलू?

वासू फौजी. गाडीच्या अपघातात पाय मोडला आणि फौजेनं त्याला घरी पाठवलं. पाय सुधारला तर परत घेऊ, परीक्षा मात्र एकदाच, असं सांगून. तोवर तो आमच्यासारखा मोटारसायकलवर भाडी नेणारा पायलट झाला. पण स्टँडवरसुद्धा कोणाचं चाक वीतभर पुढे आलं की ओरडायचा, "लाइन बघ मरे, लाइन!"

*

पहाटे तो पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलमागे धावायचा. पोदेर दर दारात थांबे, मग हाही थांबे. एका आजीला वाटलं, पोराला भूक अनावर झालीय. कुंपणावरून म्हणाली, "धावू नको रे बाबा, उंडे सगळ्यांका पुरतत!"

पावाचे दोन उंडे हातात कोंबलेसुद्धा. वासूनं ते खाल्ले आणि पुन्हा धावला.

*

मालपेच्या चढावर एकदा त्यानं इंजिन बंद केलं आणि उतरून गाडी ढकलायला लागला. मागच्या सीटवर शाळेच्या बाई, छत्री उघडून.

"पेट्रोल संपलं काय रे?"

"ना बाई, पाय घडवतोय. तुम्ही बसून रावा!"

बाई वरपर्यंत बसून राहिल्या. उतरताना म्हणाल्या, "घडव बाबा. उद्या पण येते."

*

मी एकदा विचारलं, "इथं काय वाईट आसा रे?"

"पाय मोडला तेव्हा माझी माणसं पुढे गेली, मी स्ट्रेचरवर मागे. असं मागे रावून कसं जमतलं?"

मी म्हटलं, "तुझा धावायचा रस्ता मी मोजून देतो."

*

परीक्षेत सोळाशे मीटर सहा मिनिटांत धावायचे होते. स्टँडपासून पुलापर्यंतचा रस्ता मोजला मी, माझ्या गाडीच्या मीटरवर! पुढचं चाक मी दुसऱ्या गाडीचं बसवलेलं, लहान. त्यामुळे मीटर जास्त दाखवायचा. गिऱ्हाइकं ओरडायची, "तुझो किलोमीटर आखूड आसा रे!" मी हसण्यावारी न्यायचो.

वासू पावणेसहा मिनिटांत पुलाला हात लावायला लागला. स्टँडवर पेढे वाटले त्यानं! परीक्षेला आठ दिवस उरले असताना, रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड बघता बघता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूल सोळाशे मीटरवर नव्हताच, बराच अलीकडे होता. सांगायला त्याच्या घरी गेलो, तर गडी शीळ घालत बुटांना पॉलिश करत होता. माझी जीभच रेटेना. आठ दिवस होते हो हातात! नाही सांगितलं, नंतरही कधी नाही. अजून लाज वाटते.

*

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तो बेळगावहून परतला. पाय पास, छाती पास, धावण्यात नापास.

"शेवटचो तुकडो खंयसून इलो, कळाक ना," एवढंच बोलला आणि गाडी लायनीत लावली. तो तुकडा कुठून आला, ते मला ठाऊक होतं.

*

परवाची गोष्ट. मी हरमलहून आणलेला एक पर्यटक स्टँडवर उतरून माझ्यावर तणतणत होता, "एवढं अंतर नाहीच! तुझा किलोमीटर आखूड आहे!"

वासू शेजारी गाडी पुसत होता. केस पिकलेत आता त्याचे. वर न बघता म्हणाला,

"त्याच्या किलोमीटराक काय बोलू नका. त्यात मी पास झालोय."