लीलाबाईंच्या बांधीतलं घरटं

आमच्या घरी सुट्टी कुठे घालवायची हे वाघ ठरवतो. म्हणजे ठरवतो माझा नवरा सुहास, पण वाघाच्या नावाने. आजवर दोन जंगलं पालथी घातली, दोन्हीकडे वाघाने पाठ फिरवली, तरी नवऱ्याची भक्ती तसूभर कमी झालेली नाही. पावसाळ्यात बंद असलेली जंगलं ऑक्टोबरात उघडतात. यंदा उघडल्या उघडल्या गोंदिया जिल्हा गाठायचा, नागझिरा आणि नवेगावबांध करायचं, असा बेत त्याने परस्पर आखला. मी एकच अट घातली. आधी तुझं जंगल, मग मला एखाद्या खेड्यात नुसतं बसू द्यायचं. त्याच्या ऑफिसातला दिलीप तिकडचाच. बिरसी आणि आमगावच्या मधल्या पट्ट्यात त्याचं गाव आहे, शेती थोरले भाऊ हेमराज आणि वहिनी लीलाबाई बघतात. त्याने लगेच घरी फोन लावला. गावाचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे वाचाल तेव्हा पटेल.

साताऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियाला जाते. गाडी बदलायची कटकट नाही, पण कंबरेचा भुगा होतो. वय झालं असेल तर नागपूरला एक मुक्काम करा. गोंदिया स्टेशनबाहेर तर्री घातलेले पोहे खाल्ले आणि मराठीत चहा मागितला, तर उत्तर हिंदीत आलं. शहर निम्मंअर्धं हिंदीतच बोलतं, गाव लागलं की भाषा बदलते.

तिथून गाडी ठरवून तिरोड्यामार्गे नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवर गेलो. तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बराच वेळ सोबत करतात आणि मग अचानक साग-बांबू सुरू होतो. प्रवेश, जिप्सी आणि गाइड यांचे पैसे वेगवेगळे द्यावे लागतात. बुकिंग आधी ऑनलाइन करा, ओळखपत्राची मूळ प्रत ठेवा आणि चार-सहा जण मिळून जा, म्हणजे खिशाला झेपतं. आमच्या जिप्सीवाल्याने सुरुवातीलाच विचारलं, "सर, टायगरही देखना है, या जंगल भी देखोगे?" सुहासने दुर्बीण गळ्यात अडकवली.

वाघ दिसला नाही. रानकुत्र्यांची टोळी दिसली, तळ्याकाठी गवे दिसले, आणि तळ्यावर इतकी शांतता होती की सुहासच्या कॅमेऱ्याचा खटकासुद्धा आगाऊपणाचा वाटत होता. दुसऱ्या दिवशी नवेगावबांधला गेलो. डोंगरांच्या मध्ये एवढं मोठं पाणी आणि तेही माणसांनी बांध घालून अडवलेलं, ही इथल्या जुन्या शेतकऱ्यांची करामत. रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे मिळतात, ते जरूर खा. संध्याकाळी त्या पाण्याकडे बघताना मला फार बरं वाटलं. वाटलं, गेट आहे, चौकीदार आहे, आपण तिकीट काढलं, म्हणजे या जनावरांचं कुणीतरी बघतंय. आपलं काम झालं.

हा समाधानाचा फुगा फुटला तो तिसऱ्या दिवशी, लीलाबाईंच्या शेतावर.

हेमराजभाऊंनी आम्हाला गावच्या तलावाच्या पाळीवर नेलं. पाळ म्हणजे बांध, त्यावर मोहाची म्हातारी झाडं. खाली धानाच्या बांध्या, म्हणजे धुरे, मातीचे छोटे बांध, घालून केलेले भाताचे तुकडे, उतारावर एकाखाली एक. डोक्यावर बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घरघरत होती, पण खाली कोणी मान वर करत नव्हतं. आणि सगळ्यात खोलगट बांधीत, हिरव्या धानाच्या मधोमध, जवळजवळ माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा एक सारस उभा. त्याच्या शेजारी काडीकचऱ्याच्या ढिगावर त्याची मादी बसलेली.

सुहास तर वाघ विसरला. तो धुऱ्यावरून पुढे सरकला, तेवढ्यात हेमराजभाऊ म्हणाले, "नका जाऊ जी जवर. ते उठली का कावळे अंड्यायवर येतेत."

"फोटोवाले लय येतेत," लीलाबाई म्हणाल्या. "आमी सांगतच नाही कोनाले. एक घरटं पुरानं नेलं सावनात. हे दुसरं. हे बी गेलं त यंदा पिल्लू नाही."

म्हणून गावाचं नाव लिहिलेलं नाही.

आणि हे घरटं जाणार होतं, अगदी त्याच दिवशी. भारी धान, म्हणजे उशिरा येणारा भात, निसवत होतं, लोंब्यांत दूध भरायची वेळ, वर पाऊस उघडलेला. तलावाचं शेवटचं पाणी सोडायचं ठरलं होतं. इथे पाणी पाटाने प्रत्येकाच्या शेतात जात नाही, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. हेमराजभाऊंच्या खोलगट बांधीतून पुढे गेल्याशिवाय ते खालच्या शेजाऱ्याच्या, फागुलालच्या शेतात पोचूच शकत नाही. एकदम सोडलं तर अंडी पाण्यात. नाही सोडलं तर फागुलालचं धान पोचट.

पाणी वाटून देणाऱ्या माणसाला इथे पाणकर म्हणतात. ते, फागुलाल आणि आणखी दोघं-तिघं पाळीवर जमले. फागुलाल हा पन्नाशीचा, काटक, जिभेला हाड नसलेला माणूस.

"दोन अंड्यायसाठी माह्यं शेत वाळवता का?" त्याने थेट लीलाबाईंनाच विचारलं.

"मी का त्याले बलवाले गेली होती? आलं त आलं. आता त्याचं घर बुडवू का?"

"मंग माह्यं बुडव!"

"तुह्यं बुडत नाही, वाळते."

सगळे हसले, फागुलाल सोडून. मलाही हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. घरात खाणारी पाच तोंडं आणि धानाचं हे एवढंच शेत. मी शहाणपणाने सुचवलं की बाजूने चर खणता येईल. हेमराजभाऊंनी मान हलवली. चर जायचा तर आणखी दोघांच्या उभ्या धानातून, आणि खणेपर्यंत लोंब्या थांबणार नाहीत.

शेवटी पाणकर म्हणाले, "थोडं थोडं सोडू. पानी वाढलं का ते घरट्यावर भर घालते, पाह्यलं हाय आपन. घातली त ठीक."

"न नाही घातली त? न सावकाश सोडलं त पानी वरच मुरते. माह्यापावत काय येईन, चिखल?" फागुलाल म्हणाला.

मग हेमराजभाऊ म्हणाले, "माह्या वरच्या दोन बांध्यायचं पानी नको मले. ते फागुलालच्या वाट्यात घाला." लीलाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की रात्री घरात काय होणार ते मला कळलं.

पाळीतलं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, थोडंसंच उघडलं. आमची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती, अंधार पडेपर्यंत आम्ही त्या मोहाखालून हललो नाही. जेवण तिथेच आलं, भात, तलावातल्या मासळीचा रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. एरवी मी वड्यांवर तुटून पडले असते, पण ताट बाजूला ठेवून मी घरट्याकडे बघत बसले. लीलाबाईंनी घरून तणसाची, म्हणजे भाताच्या वाळल्या काडांची, पेंढी आणून पाखरांसाठी धुऱ्यावर टाकली होती. नर आला, पेंढी चोचीने उलटीपालटी केली आणि सरळ पाठ फिरवून उभं धान उपटायला लागला. उपटायचं, घरट्यापाशी टाकायचं, पुन्हा उपटायचं. मादी बसल्या बसल्या ते ओढून घेई आणि अंगाखाली दाबून बसवी.

"पाहा त! फुकटचं नको त्याले, माह्यं धानच पाह्यजे," लीलाबाई करवादल्या, पण चेहरा उजळला होता.

ऊन उतरताना फागुलाल आला, पाणी कुठवर आलं ते बघायला. घरट्याभोवती पाणी चढलं होतं. पाणकरांनी सांगितलं, पाखरांनी आणखी भर घातल्याशिवाय तोंड मोठं करणार नाही. फागुलाल थोडा वेळ उभा राहिला, मग उकिडवा बसला. नर मधेच थांबून पंख साफ करायला लागला तसा हा ओरडला, "अबे, कायले थांबून राहिला बे? घाल न लवकर! माह्यं पानी अडून राहिलं तिकडं!"

आता मात्र तोही हसला. दिवसभर ज्या पाखरावर तो चिडला होता, त्याच्याच कामाच्या वेगावर फागुलालचं पीक अवलंबून होतं, आणि हे त्यालाही कळलं होतं. सकाळी आम्ही निघालो तेव्हा मादी बसलेली होती, कालच्यापेक्षा उंच. पाणी फागुलालच्या वरच्या धुऱ्याशी लागलं होतं. पुढचं कोणालाच सांगता येत नव्हतं. गाडीत सुहास म्हणाला, "मी सारसांचा एकही फोटो काढला नाही." मी म्हटलं, "बरं झालं," आणि मला खरंच बरं वाटलं.

घरी येऊन कपडे धुतले, माझी शाळेतली नोकरी पुन्हा सुरू झाली. नागझिरा-नवेगावला जा, जरूर जा, ती जंगलं राखली आहेत म्हणून उरली आहेत. पण तिकीट काढलं की आपलं काम संपलं असं मला आता वाटत नाही. गेटाबाहेरचं रान कुणाच्या तरी भाताच्या ताटावर जगतं, आणि त्यासाठी माणसं उन्हात बसून भांडतात. अंड्यांचं काय झालं, ते फोन करून विचारायचा धीर मला होईना.

दिवाळीच्या सुमारास फोन आला तो लीलाबाईंचा नव्हता. फागुलालचा होता. नंबर दिलीपकडून घेतला म्हणे. रामराम नाही, काही नाही, सरळ तक्रार.

"एक निंगालं जी. एक अंडं तसंच राह्यलं. न आता ते तिघंही पान्याच्या तोंडातून उतरून माह्या बांधीत येऊन राह्यले. सारं पानी सोडून माह्याच बांधीत!"

"आणि धान?" मी विचारलं.

"खालचं पोचट झालं थोडं. वरचं हाय चांगलं. कापाले माणसं बी आले होते आज."

"मग? कापलं?"

त्याचा आवाज उतरला.

"वापस पाठवलं जी त्यायले. पिल्लू धुऱ्यावर चढत नाही अजून."