केळीच्या खोलीत खातूनबींची फुंकर

नंदुरबारच्या बाजारात लेकीसुनांना बांगड्या भरण्यात खातूनबींचे आयुष्य गेले, आणि त्या आयुष्यात त्यांच्या फुंकरीतून सुटलेली वस्तू सापडणे कठीण. रडके मूल असो, नवी शिलाई मशीन असो की कुणाचा ट्रॅक्टर. दुआ पुटपुटून त्या हलकेच फुंकर घालत. धर्म आणि जात विचारण्याची तसदी त्या फुंकरीने कधी घेतली नाही.

भावाची आईवेगळी लेक अतिका त्यांनीच वाढवली. ती बेंगळुरूला शिकली आणि नखाहून लहान सिलिकॉनचा तुकडा घेऊन परतली. त्यातल्या सूक्ष्म कड्यात प्रकाश फिरे; उष्णता बदलली की त्याची तरंगलांबी किंचित सरके, त्यावरून तापमान कळे. केळी पिकवण्याचा वायू पेट घेऊ शकतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. या तुकड्यासाठी खोलीत वीज न्यावीच लागत नव्हती, काचेच्या धाग्यातून नुसता उजेड आत जाई. प्रकाशा गावचे केळीवाले हेमकांतभाऊ यांनी तो तुकडा आपल्या केळी पिकवण्याच्या रिकाम्या खोलीत लावून पाहू दिला. त्यांना पटले तर अतिकाचे संशोधन इथेच चालणार होते, नाहीतर ती पुन्हा बेंगळुरूला. म्हणून खातूनबी सोबत आल्या होत्या; त्यांना भाची घरी हवी होती.

दाराबाहेरच्या लॅपटॉपवर तापमानाची रेघ सरळच्या सरळ पडून राहिली.

"पोरी, हाई ते मरेल शे," हेमकांतभाऊ म्हणाले.

"काका, खोलीनी गरमीच बदलनी नही, मंग रेघ कसाले हालई?"

"बंद घड्याळबी असंच शांत ऱ्हास!"

अतिकाचा चेहरा उतरला. तिचे म्हणणे खरे होते. पण विश्वास ही केवळ सत्याची बाब नसते. खातूनबींना मात्र दोष लख्ख दिसला.

"बेटा, बगैर दुआ के चालू किया ना इसको?"

"फुफी, आत जाऊ नको! त्याला श्वाससुद्धा..."

फुफी आत पोहोचल्या होत्या. पुटपुटल्या, आणि फूऽऽ!

बाहेर रेघेने टुणकन उडी मारली.

"उठनं! उठनं रे!" हेमकांतभाऊ ओरडले. "भाभी, आखो एक!"

फूऽऽ! पुन्हा उडी. मग काय, हेमकांतभाऊंच्या आई तापीबाई आत शिरल्या, पाठोपाठ केळी भरणाऱ्या बाया. जी ती फुंके, बाहेरचे "चढनं! उतरनं!" म्हणून गर्जत. तापीबाईंना हसता हसता फुंकताच येईना. खातूनबी त्यांना श्वास कसा धरावा ते गंभीरपणे शिकवू लागल्या. चाचणीची शिस्त पार बुडाली, आणि अतिका कपाळाला हात लावून हसत सुटली.

इतक्यात हेमकांतभाऊंचा आवाज बदलला.

"थांबा! आते कोनी फुकत नही, तरी रेघ चढीच ऱ्हायनी."

"दार उघडं आहे काका, आणि आत एवढी माणसं..."

तिचे वाक्य पुरे होण्याआधीच ते आत धावले.

"माय, निंघ! भाभी, बाहेर! समदा बाहेर! मन्ही खोली तापी ऱ्हायनी!"

त्यांनी सगळ्यांना हाकलले, दार लावले आणि अतिकाला बाजूला सारून स्वतःच लॅपटॉपसमोर ठाण मांडले. रेघ हळूहळू उतरू लागली, तसे तेही खुर्चीत सैल झाले.

"काका, मग यंत्र इथं ठेवू?"

"गप बस पोरी," रेघेवरची नजर न काढता ते म्हणाले, "माले देखू दे."