सूर कुठे सोडायचा

१८ नोव्हेंबर. सकाळी गिटारच्या तारा पुसत बसले होते. आमचं घर समुद्राला लागून, त्यामुळे तारांना गंज धरायला वेळ लागत नाही. चिंधीला खोबरेल लावायचं आणि एकेक तार चिमटीत धरून पुसायची. नवऱ्याचा उजवा अंगठा जायबंदी झाल्यापासून हे काम माझ्याकडे आलं.

शहाळं फोडताना कोयता निसटून त्याच्या अंगठ्यावर बसला. जखम भरली, पण अंगठा वाकेना. स्टील गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातातला पोलादी बार तारांवर सरकवायचा आणि उजव्या अंगठ्यानं तार छेडायची. त्याचं छेडणंच गेलं. लग्नाआधीपासून तो गावच्या भजनी मंडळात वाजवत होता. आता जत्रा तोंडावर आली होती आणि बुवांनी कीबोर्डवाला आणायचं बोलून दाखवलं होतं. आज संध्याकाळच्या तालमीला काय ते ठरणार होतं.

सगळी भिस्त मुलीनं पुण्याहून पाठवलेल्या यंत्रावर होती. मुठीत मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं. तारेच्या अगदी जवळ धरलं की आतल्या चुंबकाच्या जोरानं तार थरथरत राहते, छेडावी लागत नाही. न वाकणाऱ्या अंगठ्यालाही ते धरता येत होतं. घरी तर छान जमलं. माझे बांगडे साफ करून होईपर्यंत एकच सूर चालू असायचा.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात मी चहाची किटली घेऊन मागे बसले. नवऱ्यानं सुरुवातीची ओळ वाजवली आणि शेवटचा सूर धरला. बुवा डोळे मिटून बसले. पखवाजवाल्याचा हात वर थांबला. सूर चालूच. कुणी गाईना, कुणी वाजवीना. इतकी वर्षं गिटारचा सूर विरत आला की त्या उतारावर बुवा शब्द उचलायचे. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, ती सवय होती. आता सूर विरतच नव्हता आणि बुवा गायला लागल्याशिवाय सूर सोडायचा नाही, असं नवऱ्यानं मनाशी धरलेलं.

झांजवाला आधी हसला. बुवांनी डोळे उघडले.

"तुझो सूर मराकच तयार नाय, मी जल्माक कधी येव रे?"

"तुमी सुरू करा, मगे मी सोडतंय."

"तू सोड, मगे मी सुरू करतंय."

दुसऱ्या खेपेला नवऱ्यानं घाईत यंत्र उचललं. ते तारेवर आपटलं, खट्ट आवाज आला आणि सूर जागच्या जागी बंद पडला. बुवा दचकले, शब्द चुकला. मग ते कीबोर्डवाल्याबद्दल बोलू लागले. पोरगा कुडाळचा आहे, घरचाच समज, असं काहीबाही. नवरा खाली मान घालून यंत्र पुसत होता. तो आता गिटार पेटीत ठेवणार हे मला दिसलं. एकदा ठेवली असती तर परत काढली नसती.

मी मागूनच म्हटलं, "घराक मी जेवक बोलवतंय तेव्हा उचलतास, तसा उचला."

सगळे हसले, पण मी थट्टा करत नव्हते. जेवायला हाक मारली की तो नाखुशीनं, सावकाश हात वर घ्यायचा आणि सूर बारीक होत विरायचा. रोज ऐकलेलं होतं.

तिसऱ्या खेपेला त्यानं तसंच केलं. सूर पातळ होत गेला आणि बुवांनी शब्द उचलला. पुढं त्यांनी गाताना ओळीखालीही सूर चालू ठेवायला सांगितला, अगदी हलका. गाऊन झाल्यावर चहा घेता घेता म्हणाले, "वयान श्वास पुरणा नाय. खाली सूर असलो की श्वास घेवक जागा गावता." दुसरा घोट घेऊन पुढं म्हणाले, "कीबोर्डवाल्याक मी नको म्हणान सांगतंय."

घरी जेवताना नवऱ्यानं भात दोनदा मागून घेतला.

१९ नोव्हेंबर. सकाळी मी ट्रंकेतला त्याचा भजनाचा पांढरा झब्बा काढला. उजवी बाही लांब होती, यंत्र धरल्यावर तारांना लागली असती. दोन बोटं आत दुमडून शिवून टाकली, झब्बा धुतला आणि दोरीवर वाळत घातला.