दादा, हंडा आणा

“ग्रुप उघडलास आणि शिव्या पडल्या, तर तुझी नोकरी गेली समज,” दादा म्हणाले.

दादा म्हणजे ठाण्याजवळच्या दिवा गावातले, पालिका निवडणुकीचे इच्छुक उमेदवार. मी एका प्रचार एजन्सीतर्फे त्यांचं सोशल मीडिया सांभाळायचे. वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण त्यावर ‘ओन्ली ॲडमिन’ सेटिंग. म्हणजे आम्ही बोलायचं, लोकांनी ऐकायचं. रोज दादांचा हात जोडलेला फोटो. लोक भराभर लेफ्ट होत होते. अशाने तिकीट कोण देणार?

“दादा, भिंतीशी बोलतोय आपण,” मी म्हटलं आणि सेटिंग बदललं.

पहिला मेसेज आला, “पाणी कुठाय?” मग धो धो सुरू. कुणी दादांच्या फोटोवर बादली चिकटवली, कुणी थेट आईबहीण काढली. दादांचा फोन, “बंद कर ते आधी!”

बंद करणारच होते, तेवढ्यात एक व्हॉइस नोट आली. स्टेशनजवळच्या चाळीतल्या रेखाताईंची. मागे तान्हं बाळ रडत होतं.

“शिव्या नंतर द्या रे. माझी लेक बाळंत होऊन घरी आलीये, दुपटी धुवायला पाणी नाही. उद्या सकाळी सगळ्याजणी रिकामे हंडे घेऊन पालिकेच्या ऑफिसवर या. दादा, तुम्हीपण या. हंडा आणा.”

खाली अंगठ्यांची रांग लागली. मी ग्रुप उघडाच ठेवला.

सकाळी गेले तर बाई गं! गेटपासून नाक्यापर्यंत हंडेच हंडे. ना बॅनर, ना गाड्या, ना कुणी वडापाव वाटलेला. आमच्या सभेला माणसं जमवताना माझा जीव जायचा आणि इथे एका बाईच्या आवाजावर चाळीच्या चाळी उतरलेल्या! दादा हंडा घेऊन आले आणि गुपचूप मागे उभे राहिले. शेवटी पालिकेचे पाणीखात्याचे साहेब खाली आले. रेखाताईंसमोरच त्यांनी पाणी सोडणाऱ्याला फोन लावला.

संध्याकाळी दादा आमच्या प्रचाराच्या ऑफिसात आले. “टाक पोस्ट. दादांच्या प्रयत्नांना यश.”

मी फोन त्यांच्यापुढे धरला. रेखाताईंनी भरलेल्या हंड्याचा फोटो टाकला होता. खाली एकच शब्द, “आलं.” त्याखाली, “आमच्याकडेपण आलं.” “आलं, आलं!” संपतच नव्हतं. दादा बराच वेळ वाचत राहिले.

“राहू दे पोस्ट,” ते म्हणाले. मग स्वतःचा फोन काढला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं, “आमच्याकडेपण आलं.”

नोकरी राहिली. आता नवा उमेदवार आला की मी आधी त्याच्या ग्रुपचं सेटिंग बघते. फोटो नंतर.